गुडघाभर पाणी

मी वाचायला पत्रकांवर शिकले. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि छपाईत वाया गेलेले कागद घरी आणायचे. कोरी बाजू मला गणितं करायला, छापील बाजू फुकटात. 'बोंडअळीपासून सावध राहा', 'बैलांचा भव्य शंकरपट', 'कापसाला भाव मिळालाच पाहिजे', 'चलो तहसील'. शेवटच्या प्रकारची पत्रकं आमच्या घरात सगळ्यात जास्त असायची, कारण त्यांतला मजकूर बहुतेक वेळा बाबांचाच असायचा. छापखान्याचे मालक त्यांना म्हणायचे, "लिवतो तूच, जुळवतो तूच, वाटतोही तूच. मोर्च्यात तरी दुसरे लोक असते का बे?"

असायचे. आमची अख्खी वस्ती असायची.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नगरपरिषद आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं. जिनिंगच्या मागून एक नाला वाहतो, त्याच्या काठाला आमची वस्ती. वरच्या अंगाला विहार आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आम्हा बौद्धांची घरं. खालच्या अंगाला मुसलमानांची, त्यात पिंजारी, वेल्डिंगवाले आणि एक मोटारसायकलचे मिस्त्री. हापसा एकच, त्यामुळे भांडणंही एकाच ठिकाणी व्हायची आणि समेटही.

उन्हाळ्यात नाला म्हणजे एक काळी ओल. जिनिंगमधून उडालेला कापसाचा भुसा, फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, गावभरच्या पिशव्या, सगळं त्यात. माय जिनिंगमध्ये कामाला होती. घरी आल्यावर ती आधी केस झटकायची, मग खोकायची, मग बोलायची. पण भादव्यात हाच नाला अंगावर यायचा. समोरच्या काठावर एका व्यापाऱ्याचं कपाशीचं वावर होतं, आमच्या घरांपेक्षा हातभर उंच. पाणी आधी आमच्याकडे शिरायचं, मग चढता चढता त्या वावरात उतरायचं आणि तिथं पसरलं की थांबायचं. ते वावर होतं म्हणून आमच्या भिंती टिकायच्या. मी चौथीत असताना सगळ्यात मोठा पूर आला. पाणी मायच्या छातीला लागलं होतं. मला खांद्यावर आणि पिठाचा डबा डोक्यावर घेऊन ती शाळेपर्यंत गेली. बाबा त्या दिवशी यवतमाळला मोर्च्यात होते.

पूर ओसरला की वस्ती चिखल उपसायची आणि त्याबद्दल बोलणं बंद करायची. हे मला तेव्हा विचित्र वाटत नव्हतं. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या कुणी विचारलं, "पाणी शिरलं होतं म्हणे तुमच्याकडं?" तर उत्तर ठरलेलं, "हाव, थोडंसं." पाण्यात बुडणाऱ्या घरात कोण मुलगी देणार? भिंतींवर चिखलाची रेघ राहायची, ती एप्रिलपर्यंत. जयंती आली की घरोघर चुना निघायचा, त्यात निळीची पुडी पडायची. पांढऱ्याशुभ्र, जराशा निळसर भिंती. खालची मुसलमानांची घरंही त्याच आठवड्यात रंगायची, कारण चुना भिजवायचा पिंप एकच होता. जयंतीच्या मिरवणुकीला तालुक्यातून लोक यायचे. त्यांच्यासमोर चिखलाची भिंत दाखवायची? बाबा म्हणायचे, "आपल्या बापजाद्यायनं लय चिखल दाखवला. आता नाही." आणि मीही ब्रश घेऊन रेघ खोडायला पुढे असायचे.

मग ती वर्षं आली ज्यांत कापसाचं काही खरं राहिलं नाही. खरेदी केंद्रावर बैलगाड्या आठवडा आठवडा उभ्या राहायच्या. जिनिंग कधी चालू, कधी बंद. माय कधी कामावर, कधी घरी. झरी जामणीकडून, मुकुटबनच्या आसपासच्या गावांतून माणसं गावात येऊ लागली आणि जिथं कुणी हटकत नाही तिथं, म्हणजे आमच्या खाली, अगदी पाण्यालगत, पाल टाकून राहू लागली. समोरच्या वावरात एका वर्षी पऱ्हाटी लागलीच नाही. नुसतं गवत. व्यापाऱ्याला आता कापसात रस नव्हता. दुसऱ्या वर्षी गवतात चुन्याने रेषा आखल्या गेल्या. प्लॉट.

त्याच सुमारास नगरपरिषदेच्या सभागृहात शहराच्या नव्या विकास आराखड्याचा नकाशा लावला गेला. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. हे जाहीर आवाहन बाबांच्याच छापखान्यात छापलं गेलं, म्हणून आम्हाला कळलं. एरवी कळायचं कारण नव्हतं. बाबा, मिस्त्री चाचा आणि मी बघायला गेलो. मी तेव्हा बारावीत होते.

नकाशा भिंतभर होता. आम्ही आधी जिनिंग शोधली, मग विहार शोधला. विहार नव्हता. हापसा नव्हता. आमची घरं नव्हती. नाल्याच्या दोन्ही काठांना हिरवा रंग होता आणि त्याच्या कडेनं तुटक निळी रेषा.

"हे काय आहे?" बाबांनी तिथल्या बाबूला विचारलं.

"हरित पट्टा. अन् ते निळं म्हणजे पूररेषा. आतमध्ये बांधकाम नाही."

"आतमध्ये आमी राह्यतो नं."

बाबू नकाशाकडे बघत म्हणाला, "इथं तर कोणी राहत नाही."

मिस्त्री चाचा नकाशाजवळ गेले. ऑइलनं काळं झालेलं बोट त्यांनी कागदापासून जरा लांब धरलं. "साब, ये जो हरा है ना, ये मेरा किचन है. कल रात को इसी में भाजी पकी."

बाबू हसला. बाबा हसले नाहीत. आराखड्याबरोबर एक जाड अहवाल ठेवला होता, तो ते उभ्याउभ्या वाचत राहिले. शहरातल्या हवेची आणि पाण्याची गुणवत्ता सुधारणे. नैसर्गिक आपत्तींपासून नागरिकांचे संरक्षण. नाल्याकाठची जमीन मोकळी ठेवून पुराच्या पाण्याला पसरायला जागा देणे. ती भाषा चांगली होती. मी आज पुन्हा म्हणते, ती भाषा चांगली होती आणि नकाशाही खोटा नव्हता. आमच्या काठासारखाच समोरचा काठही हिरवा होता. चुन्याने आखलेले प्लॉट त्यात होते आणि ते बांधायला बंदी होती. फक्त एक गोष्ट त्या अहवालात कुठेच नव्हती. मोकळ्या ठेवायच्या जमिनीवर जी माणसं आहेत, ती कुठे जाणार?

"संरक्षण लिवलं आहे," बाबा बाहेर आल्यावर म्हणाले. "कोणाचं? नागरिकांचं. आपन नकाशात नाही, म्हणजे आपन नागरिक नाही."

"भाऊ, आपन तो पूर में है," मिस्त्री चाचा म्हणाले. "आपन आपत्ती है."

विहारात बैठक बसली. बाबांनी तिथं जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे, कारण तेच पुढे पत्रकात आलं. आपल्याला पहिल्यांदा गावाच्या वेशीबाहेर ठेवलं. रेघ त्यांनी आखली. गावाची पांढरी जमीन त्यांची, काठ आपला. मग आपण धम्म घेतला, शहरात आलो, घामानं घर बांधलं, आणि आता पुन्हा कोणीतरी रेघ आखून सांगतो, तुम्ही आत चालणार नाही. आधी बाहेर ठेवणारी रेघ, आता आत अडकवणारी. रेघ कोणतीही असो, मारणारा हात तोच आहे.

लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला. मागून कोणीतरी ओरडलं, "अन् रंग बी आपलाच वापरला, निळा!"

तेवढ्यात बातमी आली की रेषा अजून पक्की नाही. मोजणीवाले साहेब येणार आहेत, पूर आजवर कुठपर्यंत चढला ते जागेवर विचारणार आहेत, आणि लोक सांगतील त्या उंचीवरून रेषा पक्की होणार आहे. पूर मोठा तर रेषा मोठी आणि वस्ती आत. पूर लहान तर ते नुसतं तुंबलेलं पाणी धरलं जाणार, रेषा नाल्याला चिकटणार आणि वस्ती बाहेर, म्हणजे जागेचे पट्टे मिळायचा मार्ग मोकळा.

पुढे काय झालं असेल ते कुणालाही समजेल. आमच्या वस्तीनं पूर लहान करायचं ठरवलं. त्यासाठी फार कष्ट नव्हते. आम्ही तो दरवर्षी करतच होतो.

"गुडघ्यापर्यंत सांगाचं," असं ठरलं.

"कोणाच्या?" एका पिंजाऱ्यानं विचारलं. "मिस्त्रीच्या का माह्या? मिस्त्रीचा गुडघा म्हणजे माही कंबर."

"तू खुर्चीवर उभा राय बे."

सगळे हसले. घरी येऊन आम्ही हे सांगितलं तेव्हा माय हसली नाही. ती चुलीपाशी बसून होती.

"गुडघ्याले कोणाच्या लागलं होतं पाणी?" तिनं विचारलं.

"आता ते कायले काढतं?" बाबा म्हणाले.

"छातीले लागलं होतं. माह्या. तुमच्या नाही. तुमी यवतमाळले होते."

"अन् छाती सांगतली तर? उद्या बुलडोझर येईन. जाशीन कुठी?"

"ते मले मालूम नाही. मले एवढंच मालूम आहे का पाणी पत्रक वाचत नाही."

बाबांचं म्हणणंही बरोबर होतं. ज्याला जायला जागा नाही त्याला पूर किती मोठा हे खरं सांगून काय मिळणार? ते पत्रकाचा मजकूर लिहीत बसले. मायला हवं होतं ते एवढंच, की जिथं पाणी येत नाही अशी एखादी जागा असावी आणि तिथं तिचं घर असावं. हे तिनं कुठल्या बैठकीत सांगितलं नाही, आणि बैठकीत तसा विषयही कधी निघाला नाही. आमच्या मागणीत 'घर वाचवा' होतं. 'घर हलवा' असं म्हणणं म्हणजे हरणं.

मोजणीवाले साहेब सकाळीच आले. तिपाईवर दुर्बीण, सोबत आकडे लिहिलेली लांब पट्टी धरणारा माणूस. तरुण होते, घाईत नव्हते, चहाही प्याले. घरोघर विचारत गेले, "जास्तीत जास्त पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर काही खूण आहे का?"

खूण कुठून असणार? जयंती नुकतीच झाली होती. भिंती अशा चमकत होत्या की साहेबांना डोळ्यांवर हात धरावा लागला.

प्रत्येक जण गुडघा दाखवत होता. एक म्हातारी पिंजारीण विसरली. तिनं हात थेट गळ्याला लावला आणि म्हणाली, "यहाँ तक, बेटा, यहाँ तक!" तिच्या सुनेनं तो हात धरून खाली ओढला. "अम्मी को दिखता नहीं साब. मोतीबिंदू है."

"मोतीबिंदू डोळ्यात असतो, गळ्यात नाही," साहेब म्हणाले.

"सगळ्यांचेच गुडघे एका उंचीवर कसे?" पुढच्या घरी त्यांनी विचारलं.

मिस्त्री चाचा गॅरेज बंद ठेवून मुद्दाम थांबले होते. "गरीब आदमी का घुटना एकच हाइट पे रहता साब. टेक टेक के."

साहेबांना हसू आलं. मग ते आमच्या दारात आले. माय भांडी घासत होती, तशीच ओल्या हातांनी उठली. त्यांनी तेच विचारलं. मी मायच्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला. तिनं बाबांकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"लक्षात नाही," ती म्हणाली.

मायला सगळं लक्षात राहायचं. कुणाच्या लग्नात मीठ कमी पडलं होतं तेसुद्धा. साहेबांनी पट्टी धरायला लावली, दुर्बिणीतून बघितलं आणि गुडघा लिहून घेतला.

त्यानंतर मोर्चा निघाला. पत्रकाचं शीर्षक होतं, 'ही रेषा आम्हाला मान्य नाही'. बाबांनी ते सगळ्यात मोठ्या लाकडी खिळ्यांत जुळवलं होतं, जे एरवी फक्त सर्कशीला वापरले जायचे. नगरपरिषदेवर एवढी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती. बायका, म्हाताऱ्या, पालांतले लोकही आले, ज्यांना अजून गावात रेशन कार्ड नव्हतं. मी घोषणा दिल्या. माझा घसा बसला तो चार दिवस सुटला नाही. आणि आश्चर्य म्हणजे आमचं ऐकलं गेलं. एवढं सहज ऐकलं गेलं की तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या प्रभागाचे नगरसेवक स्वतः पायऱ्या उतरून आले, निवेदन कपाळाला लावलं आणि म्हणाले, "तुमच्यावर अन्याय होऊ देणार नाही."

अंतिम नकाशा लागला तेव्हा निळी रेषा नाल्याला चिकटली होती. वस्तीत पेढे वाटले गेले. विहारासमोर पोरांनी निळा गुलाल उधळला. मिस्त्री चाचांच्या पांढऱ्या दाढीला तो लागला, तर ते म्हणाले, "अब मेरेकु शादी में बुलाव, मेहंदी की जगह नील."

काही आठवड्यांनी बाबा छापखान्यातून नेहमीसारखे वाया गेलेले कागद घेऊन आले. गुळगुळीत, महाग कागद होता. मी कोरी बाजू शोधत होते, तर बाबा म्हणाले, "छापलेली बाजू वाच."

समोरच्या वावरातल्या प्लॉटची जाहिरात होती. नाल्याकाठचा निसर्गरम्य परिसर. रुंद रस्ते. मुलांसाठी बाग. आणि चौकटीत, ठळक: 'पूररेषेबाहेरील मंजूर भूखंड'.

"हे मी जुळवलं," बाबा म्हणाले. "'पूररेषेबाहेरील' जुळवता जुळवता हात थांबला माहा."

मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी पाटीवर काढून दाखवलं. इकडे आम्ही, तिकडे वावर, वावर हातभर उंच. आमच्याकडे पाणी छातीला लागलं तर ते वावर बुडतं. आमच्याकडे पाणी गुडघ्यालाच लागलं तर वावर कोरडं राहतं. साहेबांनी आम्ही सांगितलेला गुडघा नुसता आमच्या काठाला लावला नव्हता; तो दोन्ही काठांना लागला होता. आम्ही आमची घरं रेषेबाहेर काढली आणि सोबत व्यापाऱ्याचं वावरही काढलं. हिरवा रंग दोन्हीकडचा गेला. आमच्यावर त्यामुळे पट्ट्यांची मेहरबानी झाली नाही. ते प्रकरण 'शासनस्तरावर' होतं आणि तिथंच राहिलं. वावरावर मात्र बांधकाम सुरू झालं.

नगरसेवक एवढे नरम का झाले होते ते आता कळलं. त्या ले-आउटमध्ये त्यांच्या मेहुण्याचे प्लॉट होते. हे गावात आम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला वाटलं होतं आम्ही जिंकलो; त्यांना फुकटात मोर्चा मिळाला होता.

मी हे आमची चूक म्हणून सांगत नाही. वस्तीनं खोटं सांगितलं हे खरं. पण खरं सांगणाऱ्याला उठवायचं आणि खोटं सांगणाऱ्याला बुडवायचं, असे दोनच रस्ते ठेवणारा आराखडा ज्यांनी मांडला, त्यांना कोणी विचारत नाही. हवेच्या गुणवत्तेवर पानंच्या पानं लिहिता येतात. त्या हवेत श्वास घेणाऱ्या बाईसाठी एक कोरडी जागा लिहिता येत नाही. मोकळी सरकारी जमीन गावात नव्हती असं नाही. ती बाजार समितीच्या विस्ताराला मिळाली, विश्रामगृहाला मिळाली. तिच्यावर कधी पूररेषेचा वाद झाला नाही.

मुरमाचे ट्रक येऊ लागले. आर्णी रोडच्या बाजूनं यायचे, धूळ आमच्या भाकरीवर बसायची. वावर भरून काढलं, अजून पुरुषभर उंच केलं, आणि नाल्याच्या बाजूनं दगडी भिंत बांधली. भिंत चांगली मजबूत होती. वस्तीतल्याच माणसांनी बांधली. गावात त्या हंगामात दुसरं काम नव्हतं. माय जिनिंग बंद म्हणून तिथंच दगड वाहायला गेली. संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहून त्या भिंतीकडे बघायची. एकदा मी विचारलं, "काय पाहून राह्यली?"

"पाणी कुठी जाईन ते पाहून राह्यली."

पाणी पोळ्यानंतर आलं, भर दुपारी. वरच्या अंगाला पाऊस कोसळला होता. आमच्याकडे तर ऊन होतं. आधी नाल्यात फेस आला, मग पऱ्हाट्यांचे भारे वाहत आले, मग पाणी. ते नेहमीसारखं आमच्या दारात चढलं आणि आम्ही नेहमीसारखं सामान माळ्यावर टाकलं, कारण सवयीनं वाटत होतं की आता ते समोरच्या बाजूला उतरणार. ते उतरलं नाही. समोरच्या भिंतीला धडकून ते पुन्हा आमच्याकडे वळलं. गुडघा, कंबर, छाती, कुणाला काही म्हणायला वेळ नव्हता. मी मायचा हात धरला होता आणि माय कोणातरी दुसऱ्या बाईचं मूल धरून होती. शाळेच्या चढावरून मागे बघितलं तेव्हा विहाराच्या खिडक्या दिसत नव्हत्या. घरं पडताना आवाज होतो असं मला वाटायचं. मातीची घरं पाण्यात बसतात, काही आवाज न करता, थकलेलं माणूस बसतं तशी.

पालांतली माणसं सगळ्यात खाली होती. त्यांतले दोघं नवरा-बायको सापडले नाहीत. त्यांची नावं विचारायला पोलीस आले तेव्हा कोणालाच पूर्ण नाव सांगता आलं नाही. मिस्त्री चाचांना बाईच्या माहेरचं गाव तेवढं ठाऊक होतं.

पंचनामा झाला. बाबांनी चिखलात उभं राहून हात छातीच्याही वर धरला आणि म्हणाले, "साहेब, लिवा. इथपर्यंत." आलेले अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी नकाशा उघडला आणि म्हणाले, "ही जागा पूररेषेच्या बाहेर आहे. पूरग्रस्त म्हणून पुनर्वसनात नाही बसत. भांड्याकुंड्यांची मदत मिळेल."

"मग रेषा बदला. आमाले आत घ्या."

"आराखडा मंजूर झाला आता. पुढच्या आराखड्यात बघता येईल."

"तो कवा?"

"वीस वर्षांनी."

मिस्त्री चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

वस्तीनं पुन्हा घरं उभी केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. विटा कमी, टिना जास्त. बाबा पत्रकं लिहीत राहिले, पण छापखाना बंद पडला. गावात ऑफसेट आलं होतं आणि खिळे भंगारात गेले. ते पत्रकं हातानं लिहून झेरॉक्स काढायचे. लोक घ्यायचे, वाचायचेही, पण मोर्च्याला पहिल्यासारखे निघायचे नाहीत. एकदा बाबांनी एकाला विचारलं, "काहून येत नाही बे?" तो म्हणाला, "मांग गेलतो नं दादा. जिंकलो होतो नं आपन." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

पुढे समोरच्या ले-आउटमध्ये बंगले उठले, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार राहायला आले. त्यांना नाल्याचा वास यायचा. एका पावसाळ्यात भिंतीवरून थोडं पाणी त्यांच्या अंगणातही गेलं. त्यांनी निवेदन दिलं. भाषा मला ओळखीची होती: पर्यावरणाची गुणवत्ता, नैसर्गिक प्रवाहातले अडथळे, नागरिकांचं संरक्षण. अडथळा म्हणजे आम्ही. नगरपरिषदेनं नाला सुशोभीकरण काढलं. दोन्ही काठांना झाडं, फरशीची वाट, सकाळी चालणाऱ्यांसाठी बाकडी. आमच्या काठावरची अतिक्रमणं काढण्याची नोटीस घरोघर चिकटवली. रेषेबाहेर असलो तरी जागा आमची नव्हतीच.

नियम होता म्हणून सुनावणी झाली. त्याच सभागृहात. वस्तीतले थोडे लोक आले. बाबांनी हरकतीचा मसुदा रात्रभर बसून केला होता, मी तो नीट लिहून काढला होता. बाबांचं अक्षर आता ओळ सोडायचं. माझं नाव पुकारलं जाईल म्हणून मी तयारीत होते. पण नोटिशीत घर मायच्या नावावर होतं, म्हणून पुकारा मायचा झाला. ती आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. मी मसुदा तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, आणि मग मला परत दिला.

"तुमची हरकत काय?" समोरच्या साहेबांनी विचारलं.

"हरकत नाही," माय म्हणाली.

बाबांनी मान वर केली. मागे कुजबुज झाली. साहेबांनाही ते नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

"घर पाडाले माही हरकत नाही. ते घर राहाच्या लायकच नाही. कवाच नव्हतं. मले फक्त सांगा, जाऊ कुठी?"

साहेबांनी शेजारच्या बाबूकडे बघितलं. बाबूनं कागद चाळले. कोणी खोकलं, बहुतेक मायच. साहेब म्हणाले, आणि आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता, "बाई, तो विषय या सुनावणीत येत नाही."

"मंग कोणत्या सुनावणीत येते?"

पुढचं नाव पुकारलं गेलं. ते मिस्त्री चाचांचं होतं. माय खुर्चीवरून उठली नाही, तेव्हा शिपायानं येऊन तिला हात लावून उठवलं.